पत्त्यांच्या टेबलावरचा ज्वालामुखी

मित्रांनो, मी सिसिली बेटावरच्या पेत्रामोरा गावातला एक जुना नकाशा आहे, ज्वालामुखीच्या धोक्याचा, आणि माझ्यामुळे एकशे त्रेचाळीस माणसं आणि एक गाढव वाचलं.

वाचलंत ना हे वाक्य? आता विसरून जा. असं काही घडलंच नाही. जिल्ह्याच्या अहवालात स्वच्छ लिहिलंय की 'सर्व ग्रामस्थांचे स्थलांतर मंजूर आराखड्यानुसार सुरळीत पार पडले', आणि त्याखाली तीन सह्या आहेत. माझ्या बाजूने एकही सही नाही. तेव्हा आपण माझ्या जन्मापासून सुरुवात करू. त्याबद्दल अजून तरी कुणी आक्षेप घेतलेला नाही.

मी लोखंडी पत्र्याचा आहे, वर एनॅमलचा मुलामा. दीड मीटर लांब, मीटरभर रुंद. भट्टीत माझ्या शेजारी चाळीस पातेली होती. आम्ही सगळे एकदमच आठशे अंशांवर भाजून निघालो. पातेल्यांचं पुढे चांगलं चाललं, असं ऐकतो. सांगायचा मुद्दा एवढाच की उष्णतेबद्दल मी जे काही बोलेन, ते स्वानुभवाचं असेल.

मला जन्म दिला तो ओर्तेन्सिया बाल्लो या बाईंनी. ओर्तेन्सिया भूगर्भशास्त्राच्या अभ्यासक. पायात जाड बूट, पाठीवर पिशवी, आणि प्रश्न विचारायची सवय. डोंगरातून लाव्हा पूर्वी कुठून कुठे वाहत गेला, हे शोधून त्यांना नकाशा काढायचा होता, म्हणजे पुढच्या वेळी कुठे थांबायचं आणि कुठे थांबायचं नाही ते लोकांना कळलं असतं. पेत्रामोरात त्या डोंगराचं नाव कुणी घेत नाही. 'वरच्या बाई' म्हणतात. 'आज वरच्या बाई धुमसतायत', 'वरच्या बाईंनी काल वाळत घातलेल्या चादरींवर राख टाकली', असं.

पहिले दोन महिने ओर्तेन्सियांनी प्रत्येकाला सरळ विचारलं, "काका, तुमच्या शेतात कधी लाव्हा आला होता?"

"माझ्या शेतात? छे! काहीतरीच काय! आजोबांच्या आजोबांपासून आला नाही."

असं करत अख्खं गाव विचारून झालं, तेव्हा असं निघालं की पेत्रामोरात लाव्हा कधी आलाच नव्हता. गावातलं प्रत्येक घर मात्र काळ्या लाव्ह्याच्या दगडांनी बांधलेलं. मग ओर्तेन्सियांनी प्रश्न बदलला. "आणि शेजाऱ्याच्या शेतात?"

"शेजाऱ्याच्या? अहो, बसा. कॉफी घेणार ना? ऐका आता."

मित्रांनो, माणूस स्वतःच्या जमिनीबद्दल जितकं खोटं बोलतो तितकंच शेजाऱ्याच्या जमिनीबद्दल खरं बोलतो. साल, वार, कोणत्या अंजिराच्या झाडापर्यंत आला, कुणाची बकरी गेली, सगळं. आणि प्रत्येक जण कुणाचा तरी शेजारी असतोच. महिनाभरात नकाशा भरला. उरलेलं ओर्तेन्सियांनी झाडांना विचारलं. गावाच्या वरच्या अंगाला एक टेकाड आहे, चेस्टनटच्या झाडांचं. तिथल्या एका बुंध्याला त्यांनी बारीक भोक पाडलं, आतली वर्तुळं मोजली, ती तीनशे बारा भरली. म्हणजे तीनशे बारा वर्षांत तिथे लाव्हा आला नव्हता. दोन्ही बाजूंनी वाहून गेला होता. झाड शेजाऱ्याबद्दल बोलत नसूनही खरं बोललं, याची ओर्तेन्सियांनी वहीत वेगळी नोंद केली.

तर असा मी झालो. वरच्या कडेला वरच्या बाई. तिथून खाली ओढ्यांच्या वाटेने उतरणारी लाल बोटं: इथे लाव्हा आधी येणार. त्यांच्या भोवती केशरी, मग पिवळा, आणि मधोमध एक हिरवा तुकडा, चेस्टनटचं टेकाड. त्या टेकाडाकडे जाणारी पांढरी वाट आणि तिच्यावर छोटी पावलं. टेकाडामागून ती वाट पलीकडच्या गावात उतरते. खाली पुलाकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर मात्र काट मारलेली, कारण दोन ओढे पुलापाशी मिळतात आणि पूल सगळा लालात. थोडक्यात माझं म्हणणं असं होतं: वरच्या बाई निघाल्या तर खाली पळू नका, वर चाला. ही गोष्ट कुणालाही पटणं अवघड आहे, याची मला पत्रा असूनही कल्पना होती.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माझं अनावरण झालं. सरपंच जेझुआल्दो चाळीस मिनिटं बोलले, त्यात ज्वालामुखी दोनदा आला. मग फडकं ओढलं आणि सगळं गाव माझ्यावर तुटून पडलं. प्रत्येकाने आपलं घर शोधलं, रंग पाहिला. मग शेजाऱ्याचं घर शोधलं, रंग पाहिला. आणि निघून गेला. पावलं कुणी पाहिली नाहीत. खाटीक ओर्तेन्सियांच्या कानाशी लागला, "बाई, ईस्टरला अख्खं कोकरू घरी पोचवतो. आमच्या घराचं तेवढं केशरी होईल का?"

सगळ्यात वाईट अवस्था बियाजाची झाली. चौकात तिचा कॅफे आहे. तांबडी रेघ बरोब्बर त्याच्या मधून गेली होती. कॉफीचं यंत्र लालात, गल्ला केशरीत.

"म्हणजे मी कॉफी करताना मरणार आणि सुटे पैसे देताना जगणार?" बियाजाने विचारलं.

"साधारण तसंच," ओर्तेन्सिया म्हणाल्या. त्यांना विनोद कळत नसे.

माझ्यावर एक काळा ठिपका होता आणि त्याखाली लिहिलं होतं: 'आपण येथे आहात'. ठिपका पिवळ्यात होता, कारण ग्रामपंचायत पिवळ्यात आहे. इथवर सगळं ठीक. पण महिन्याभरात सरपंचांना वाटू लागलं की परगावचे पाहुणे नकाशा बघतात आणि पंचायतीत न शिरताच परत जातात. त्यांनी मला शाळेच्या भिंतीवर हलवलं. शाळेने तक्रार केली, पोरं घाबरतात. खरं म्हणजे पोरं घाबरत नव्हती, माझ्यावर दगड मारत होती. लालात लागला तर दहा गुण. शाळेवरून मी खाटकाकडे गेलो, खाटकाकडून चर्चच्या मागे, चर्चमागून औषधांच्या दुकानाशी, आणि शेवटी दफनभूमीच्या फाटकावर. तिथल्या रहिवाशांची हरकत नव्हती, त्यांच्या नातेवाइकांची होती. पाच वेळा मी हललो. ठिपका एकदाही हलला नाही. दफनभूमीच्या फाटकावर उभं राहूनही तुम्ही ग्रामपंचायतीतच असायचात.

शेवटी, सहाव्या खेपेला, मला बियाजाच्या मागच्या अंगणात रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला ठेवलं. 'तात्पुरतं,' सरपंच म्हणाले. दोन वर्षं गेली. माझ्या लाल भागावर गोगलगायी फिरायच्या. त्या तरी वाटेवरून चालतात का, हे मी बघायचो. नाही चालायच्या.

मित्रांनो, तिथेच गंजून माझी गोष्ट संपायची होती. पण एका दुपारी कॅफेसमोरचं पत्त्यांचं टेबल मोडलं. तानिनामावशींनी हुकमाचं पान इतक्या जोराने आपटलं की पाय निखळला. बियाजा चिडली, अंगणात गेली, मला ओढून आणलं आणि जुन्या द्राक्षदाबणीच्या लोखंडी चौकटीवर आडवं टाकलं. "घ्या. हे तोडून दाखवा."

त्या दिवसापासून मी टेबल झालो, आणि कामाला लागलो.

चौघे जण रोज जेवणानंतर बसायचे. तानिनामावशी, वय एकोणऐंशी, शिवणकाम करायच्या, आता फक्त पत्ते. त्यांचे धाकटे भाऊ चिरिनोकाका, निवृत्त पोस्टमन. मधमाश्यावाला व्हेनेरांदो. आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा बियाजा. प्रत्येकाची जागा ठरलेली. चिरिनोकाकांचा वाइनचा पेला कायम पुलावर. ऑलिव्हच्या बियांची बशी रस्त्यावर. मिठाची कुपी चौकात, म्हणजे जिथे आम्ही खरोखर होतो तिथे. आणि तानिनामावशींचं डावं कोपर हिरव्या टेकाडावर.

"चिरिनो, पूल मोकळा कर. पान कुठे टाकू?"

"ताई, पूल माझा आहे. मी इथेच ठेवतो."

"सगळा लाल आहे तो. जळशील एक दिवस."

"जळेन तेव्हा जळेन. आत्ता तू पान टाक."

आमच्या पत्त्यांत इस्पिक-बदाम नसतात, तलवारी आणि पेले असतात, आणि व्हेनेरांदोला एकच संशय होता. "मावशी, कोपर जरा उचला."

"का रे?"

"खाली तलवारीचा एक्का आहे."

"खाली चेस्टनटचं टेकाड आहे. वाचता येत नाही का? एवढं मोठं लिहिलंय."

"मावशी, गेल्या चार डावांत एक्का निघालाच नाही!"

"तो काय मला विचारून बाहेर पडतो?"

पाऊस असो, राख असो, खेळ चालूच. राख पडली की बियाजा फडक्याने मला पुसायची, आणि पुसताना तिचा हात आपोआप वरून खाली, लाल बोटांवरून पुलापर्यंत यायचा. कुणीही नकाशा 'वाचत' नव्हतं. पण चिरिनोकाकांना डोळे मिटून विचारलं असतं तरी पूल कोणत्या रंगाचा ते सांगता आलं असतं. अकरा वर्षांत त्यांच्या पेल्याचे गोल डाग तिथे कायमचे उमटले.

एकदा ओर्तेन्सिया मला बघायला आल्या. आधी पंचायतीत गेल्या, मग शाळेत, मग सहाही ठिकाणी, आणि शेवटी दमून लिंबाचं सरबत प्यायला बियाजाकडे बसल्या. ग्लास ठेवला तो माझ्यावर. खाली पाहिलं. ग्लास पुन्हा उचलला.

"हा भिंतीवर हवा होता," त्या हळू म्हणाल्या.

"भिंतीवर होता तेव्हा तुझ्याशिवाय कुणी पाहिला गं?" तानिनामावशी पत्ते पिसत म्हणाल्या. "बस. तुला खेळता येतं?"

"नाही."

"मग विचार काहीतरी. तुला तेच येतं."

ओर्तेन्सियांनी विचारलं, "वरच्या बाई निघाल्या तर कुठे जाणार?"

मावशींनी मान वरही न करता कोपराने टेकाडावर दोनदा ठोकलं. "तूच म्हणाली होतीस ना, हिरव्यावर काही होत नाही."

ओर्तेन्सियांनी सरबत संपवलं. जाताना बियाजाला एवढंच म्हणाल्या, "काहीही करा, पण याच्यावर टेबलक्लॉथ घालू नका." ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो. माझ्या शेवटच्या अर्जात ती पुन्हा येईल.

मग तो गुरुवार आला. ऑक्टोबर, द्राक्षतोडणी चालू. सकाळी नऊच्या सुमाराला मिठाची कुपी माझ्यावर आपोआप चालू लागली. टुक टुक करत चौकातून निघून खाटकाच्या घरापर्यंत गेली. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. डोंगराच्या कुशीत, माझ्या वरच्या कडेपासून चार बोटं खाली, एक भेग उघडली आणि वरच्या बाई बाहेर पडल्या. घाई नव्हती त्यांना. दुपारपर्यंत गावात पोचतील अशा चालीने येत होत्या. ओर्तेन्सिया त्या दिवशी दुसऱ्या बेटावर, दुसऱ्या ज्वालामुखीपाशी होत्या.

सरपंच कर्णा घेऊन चौकात आले. "सर्वांनी मोठ्या रस्त्याने पुलावर जमावं! पुलावर बस उभी राहील! वेळ भरपूर आहे!" लोक बोचकी बांधून जमू लागले. कुणी बाळाचा पाळणा घेतला, कुणी टीव्ही. बियाजाने काहीच घेतलं नाही. तिने कॅफे झाडला, फरशी पुसली, कॉफीचं यंत्र लखलखीत केलं आणि मला दाराबाहेर नीट मांडलं.

आमच्याकडे रीत आहे. लाव्हा दाराशी येणार असं दिसलं की घर साफ करायचं आणि बाहेर टेबल मांडायचं. पाव, चीज, वाइनचा पेला. इतक्या लांबून दमून आलेल्या पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही. काय न्यायचं ते मग तो सभ्यपणे नेतो. बियाजाने घरातला सगळ्यात मोठा पाव आणला. तो कुठे ठेवला? पुलावर.

टेबल मांडलं की गावाने भोवती उभं राहून क्षणभर गप्प राहायचं, हीसुद्धा रीत. एकशे त्रेचाळीस माणसं माझ्याभोवती उभी राहिली. अनावरणानंतर पहिल्यांदाच. क्षण संपला आणि सरपंच म्हणाले, "चला आता. पुलावर."

"पुलावर कशाला?" तानिनामावशी म्हणाल्या.

"मावशी, बस तिथे येणार आहे."

"पूल लाल आहे."

"कोण म्हणतं? हे बघा, नकाशाच आहे इथे." सरपंचांनी माझ्यावर बोट टेकवलं. "'आपण येथे आहात.' पिवळ्यात. इथून खाली सरळ पिवळा, पिवळा, पिवळा, आणि इथे..." बोट पावाला लागलं.

"पाव उचल, जेझुआल्दो."

"मावशी, तो पाहुण्यांचा—"

"उचल म्हणते ना!"

पाव उचलला. खाली लालभडक पूल, त्यावर चिरिनोकाकांच्या पेल्याचे अकरा वर्षांचे डाग, आणि त्या डागांखाली रस्त्यावरची काट. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई."

"आणि हा ठिपका तुझ्या पंचायतीचा आहे," मावशी म्हणाल्या. "सहा वेळा पाटी हलवलीस, एकदा तरी ठिपका हलवलास? आपण ठिपक्यात नाही. आपण मिठात आहोत. मीठ कुठे गेलं, बियाजा? हां. इथे. निम्मे लालात उभे आहोत आपण आणि हा म्हणतोय वेळ भरपूर."

सरपंचांनी आधी मिठाकडे पाहिलं, मग कर्ण्याकडे. "मग जायचं कुठे?"

मावशींनी कोपर टेकाडावर ठेवलं. "इथे."

चौकात गलका झाला. "वर? तिच्याकडे?" "ही म्हातारी आपल्याला भट्टीत घालणार!" "मावशी, आयुष्यभर सुया मोडल्या, आता आमचं डोकं नका मोडू!" खाटीक पाळणा उचलून रस्त्याकडे निघालासुद्धा. त्याच्यामागे दहाबारा जण. मित्रांनो, माणसं डोंगराकडे पाठ करूनच पळतात. पत्र्याचं काय, ओर्तेन्सियांचंही त्यांनी ऐकलं नसतं.

तानिनामावशी उभ्या राहिल्या. भावाकडे पाहिलं, व्हेनेरांदोकडे पाहिलं आणि जोरात म्हणाल्या, "ऐका! तलवारीचा एक्का माझ्याकडे असतो."

सगळं थांबलं. खाटीकही थांबला.

"अकरा वर्षं मी तो या टेकाडावर लपवते. त्या बाईने सांगितलं होतं, हिरव्यावर काही होत नाही. त्या भरवशावर ठेवते. जमिनीला हादरे बसले, पेले सांडले, बियाजाने हजार वेळा पुसलं. एक्का कुणाला सापडला? एकदा तरी?"

"मला माहीत होतं!" व्हेनेरांदो ओरडला. "मी म्हणत होतो! मी सगळ्यांना म्हणत होतो!"

"ताई," चिरिनोकाका म्हणाले, "आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशी दोन ठेवले होते."

पेत्रामोरात तानिनामावशी कधी खोटं बोलतात हे सगळ्यांना ठाऊक होतं: नेहमी. आणि त्यांनी एखादी गोष्ट कबूल केली, असं कुणाच्याच आठवणीत नव्हतं. आज केली, म्हणजे खरीच असणार. खाटकाने पाळणा खांद्यावर घेतला आणि पांढऱ्या वाटेकडे वळला. मग बाकीचे वळले. माझ्यावर छापलेली छोटी पावलं मी पहिल्यांदाच खरी होताना बघत होतो. मावशींना गाढवावर बसवलं. गाढवाला हा बेत पसंत नव्हता, पण त्याचं मत मोजणारी पद्धत आमच्याकडे नाही. व्हेनेरांदो शेवटपर्यंत ओरडत गेला, "अकरा वर्षं! अकरा वर्षं!" सरपंच सगळ्यात मागे होते. कर्णा चालूच राहिला होता, त्यातून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. बसवाल्याला त्यांनी फोन करून परत पाठवलं. ते मात्र त्यांनी वेळेवर केलं.

मग चौकात मी एकटा उरलो. पाव, चीज, पेला, मीठ.

त्या आल्या. बाराच्या सुमाराला, गल्लीच्या तोंडाशी. मित्रांनो, मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. तसं नव्हतं. भांडी घासताना येतो तसा किणकिण आवाज होता. दगड दगडावर हळूच पडत होते, आतून लाल दिसत होतं आणि पुन्हा काळं होत होतं. ज्यांचं चित्र मी अंगावर वागवलं, त्यांना मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. त्या बरोबर माझ्याच लाल बोटावरून चालत होत्या. एक पाऊल इकडेतिकडे नाही. कॅफेची मागची भिंत गेली. कॉफीच्या यंत्राने एकदाच शिट्टी मारली. माझा एक कोपरा, रंगांची सूची होती तो, फुगून फुटला. आणि मग त्या थांबल्या. गल्ल्याला न शिवता, माझ्यापासून हातभर अंतरावर. दुपारभर त्या थंड होत राहिल्या आणि मी तापत राहिलो. आम्ही दोघं एकमेकांशी काही बोललो नाही. बोलायचं ते ओर्तेन्सियांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

पूल त्याच दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेला.

नवव्या दिवशी लोक परत आले. बियाजा दारात उभी राहिली. कॉफीचं यंत्र दगडात, गल्ला जागच्या जागी. ओर्तेन्सिया धावतपळत आल्या होत्या. त्यांनी फीत काढून मोजलं. माझी रेघ चार बोटं चुकली होती.

"चार बोटं," त्या खिन्नपणे म्हणाल्या.

"सोडा हो," बियाजा म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडून रडली. पाव दगड झाला होता. पेला रिकामा होता. उष्णतेने वाइन उडून जाते, असं ओर्तेन्सियांचं मत. गावाचं मत वेगळं आहे, आणि मला विचाराल तर मी टेबल आहे, पाहुण्याने काय प्यायलं ते टेबलाने सांगायचं नसतं.

पुढे अहवाल झाला, सह्या झाल्या. गावाने माझा सत्कार करायचं ठरवलं. मला घासून पुसून, वाइनचे डाग आम्लाने काढून, काचेच्या चौकटीत घालून चौकातल्या चार मीटर उंच खांबावर बसवलं. भाषण पन्नास मिनिटांचं झालं. आता माझ्यावर कबुतरं बसतात. ठिपका अजून पंचायतीतच आहे.

खाली पत्ते चालू आहेत. नवं टेबल प्लास्टिकचं आहे, पांढरं, त्यावर एका सरबताची जाहिरात. तानिनामावशी ब्याण्णव वर्षांच्या. व्हेनेरांदो आता प्रत्येक पानानंतर त्यांचं कोपर उचलून बघतो. पूल पुन्हा बांधलाय, पूर्वीपेक्षा रुंद. गेल्या रविवारी गावात नव्याने आलेल्या शिक्षिकेने चिरिनोकाकांना सहज विचारलं, "वरच्या बाई निघाल्या तर कुठे जायचं हो?" काकांनी पेला ठेवायला हात पुढे केला. हात टेबलावर इकडेतिकडे फिरला. काही सापडलं नाही. मग त्यांनी पेला मांडीवरच धरला.

"खाली," ते म्हणाले. "पुलाकडे, बहुतेक."

म्हणून, मित्रांनो, मी हा अर्ज केला आहे. खांबावरून लिहिता येत नसल्याने तुम्हालाच वाचून दाखवतो. जमलं तर पोचवा.

प्रति,
मा. सरपंच, पेत्रामोरा.

विषय: अर्जदारास खांबावरून उतरवून पुन्हा टेबल करण्याबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून नम्र निवेदन करण्यात येते की, अर्जदाराचा झालेला सन्मान तत्काळ रद्द करण्यात यावा. अर्जदारास बियाजाच्या कॅफेसमोर, द्राक्षदाबणीच्या मूळ चौकटीवर, आडवे ठेवण्यात यावे. त्यावर रोज किमान तीन डाव खेळणे गावातील सर्वांस, विशेषतः नव्या शिक्षिकेस, बंधनकारक करावे. पाने जोरात आपटण्यास अर्जदाराची हरकत नाही. वाइन सांडल्यास पुसू नये. पुलावर चिरिनो यांच्या पेल्याची जागा राखीव ठेवावी. हिरव्या टेकाडावरील कोपराची झडती घेऊ नये. टेबलक्लॉथ कोणत्याही परिस्थितीत घालू नये. 'आपण येथे आहात' हा ठिपका आपण जेथे आहोत तेथे हलवण्यात यावा.

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर: वरच्या बाई. त्यांना विनंती की, पुढील खेपेस निघण्यापूर्वी किमान पंधरा दिवस आधी लेखी कळवावे, आणि ते शक्य नसल्यास निदान चालू डाव पुरा होऊ द्यावा.